बुटकीची डावी बाजू

वासावरून ओळखली मी तिला. रंग पार बदललेला होता. आमच्याकडे होती तेव्हा ती शेवाळी हिरवी होती, आता चक्क लाल. दिव्यांना नवी चकाकी, कातडी सीटांना नवी शिवण, चाकांच्या तारा एकूण एक घासलेल्या. बंगळूरच्या इंदिरानगरातल्या एका हॉटेलच्या अंगणात रविवारी सकाळी हौशी लोक आपापल्या जुन्या गाड्या आणून उभ्या करतात, हे मला ठाऊकच नव्हतं. मी कॉफीसाठी शिरले होते. खरं म्हणजे कॉफीसाठीही नाही. लेकीच्या घरी बसवत नव्हतं म्हणून रिक्षा करून निघाले होते. लेक राहते महादेवपुऱ्यात, इतक्या उंचावर की तिथं कावळासुद्धा फिरकत नाही. मी दिवसभर या खिडकीतून त्या खिडकीत जाते. जावई विचारतात, आई, काही हवंय का? काहीच नको असतं. एका जागी बूड टेकत नाही, एवढंच.

हा रोग माहेरून आलेला नाही. तो मला सासऱ्यांकडून लागला, आणि या गाडीतच लागला.

तर वास. पेट्रोल, जुनं कातडं, आणि त्याच्या तळाशी ओलं लाकूड. मोटारीला ओल्या लाकडाचा वास सहसा येत नाही. हिला यायचा, कारण हिच्या पायाखाली पत्रा नव्हता, फळ्या होत्या. विलायतेत एके काळी अशाच बांधायचे म्हणे. कापडी टप, कोपरापाशी कापून खाली आणलेली दारं, रस्त्याला टेकेल इतकी खोल बैठक, आणि सीटा फक्त दोन. पाऊस आला की टपाच्या शिवणीतून ठिबकायचं, फळ्या भिजायच्या, आणि पुढं आठवडाभर आमच्या अंगणातल्या शेडमध्ये सुताराच्या दुकानात शिरल्यासारखं वाटायचं. नाना म्हणायचे, वास येतोय म्हणजे जिवंत आहे.

नाना म्हणजे माझे सासरे. मूळचे कऱ्हाडचे. तरुणपणी नोकरीसाठी बंगळूरला आले आणि सरकारी कारखान्यात विमानांची इंजिनं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. पलीकडे इंजिन गरगरतंय, अलीकडे काचेच्या आड हे कान देऊन उभे. हे उडेल, हे नाही उडणार, असा निकाल द्यायचे. ताडमाड उंच माणूस. आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून वाकून यायचे. मी त्यांच्या खांद्याच्याही खाली. लग्नात आम्ही शेजारी उभे राहिलो तो फोटो बघून माझा भाऊ अजून हसतो.

मी सांगलीहून लग्न होऊन आले ते नव्वद सालानंतर लगेच. नाना त्याच सुमारास निवृत्त झाले होते आणि त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. सकाळी दूध आणायला गेले की दोन तासांनी परत. पेपर वाचता वाचता उठून फाटकापर्यंत. फाटकावरून परत, पुन्हा फाटक. आणि घरात असले की ज्याला त्याला एकच शब्द, हळू. भांडी घासणाऱ्या बाईला हळू. गॅसवर दूध चढलं की सासूबाईंना हळू. मी जिना उतरताना हळू, कुकरचं झाकण काढताना हळू, टीव्हीचा आवाज हळू. माझा नवरा म्हणायचा, इंजिनाला जन्मभर पळ पळ म्हणत आले, आता सगळा ब्रेक घरावर.

नवऱ्याचं कामही सरकारी संशोधनातलं. चाचण्यांसाठी तो महिनोन् महिने समुद्रकाठी कुठंतरी असायचा आणि मी इंदिरानगरच्या त्या घरात विज्ञानाची पदवी घेऊन मेथी निवडत बसायची. तेव्हा सगळं गावच उठून कुठंतरी निघाल्यासारखं दिसायचं. शेजारचा मुलगा अमेरिकेला गेला, त्याच्या पुढच्या घरातली दोघंही. कौलारू बंगला सकाळी असायचा, संध्याकाळी तिथं विटांचा ढीग. फोनच्या बूथबाहेर रात्रीचा दर कधी लागतो म्हणून माणसं ताटकळत. कुणालाच थारा नव्हता. त्यात मी नवी, चोवीस वर्षांची, आणि माझी धाव गेटपर्यंत.

ती गाडी नानांना सापडली चिकपेटमध्ये, रेशमाच्या दुकानांमागच्या एका गल्लीत. घर मराठी होतं, पण आमच्यासारखं कालपरवा आलेलं नाही. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर येऊन इथलंच झालेलं. घरात अण्णा आणि त्यांच्या थोरल्या बहीण, त्यांना सगळे अक्का म्हणत. गाडी त्यांच्या मधल्या भावाची. तो गेल्यापासून ती मागच्या पडवीत, गोणपाटाखाली. अण्णांनी गोणपाट ओढलं तेव्हा धुळीचा लोट उठला, एक मांजर तीन पिलं तोंडातून एकेक करून दुसरीकडे नेऊ लागली, आणि नाना त्या धुळीतच खाली बसले. बॉनेटवर हात ठेवून बसले. नोकरीच्या पहिल्या वर्षी सायकल धरून फाटकाशी उभे असताना अशीच एक गाडी त्यांच्या पुढ्यातून गेली होती म्हणे. एवढंच त्यांनी सांगितलं. माणूस चाळीस वर्षं काय काय पोटात ठेवून वावरतो, याचं मला त्या दिवशी फार नवल वाटलं.

अण्णांनी एकच अट घातली. "गाडी घ्या, माझी ना नाही. पण वर्षाला एकदा आयुधपूजेला हितं आणायची बघा. अक्काच्या हातानं पूजा झाली पायजे." नानांनी तिथल्या तिथं शब्द दिला.

सासूबाईंनी तिला पाहिलं आणि त्यांचा पहिला प्रश्न असा की, चार माणसांच्या घरात दोन सीटांची गाडी, म्हणजे उरलेल्या दोघांनी काय मागून पळायचं? गाडीच्या पुढचा बिल्ला कुणीतरी कधीच उपटून नेला होता, त्यामुळे तिला नाव नव्हतं. ते सासूबाईंनी ठेवलं, बुटकी. स्वतः त्या तिच्यात बसायला साफ नाही म्हणाल्या. लुगड्याचा घोळ सावरून एवढं खाली बसायचं, पाय लांब करायचे, त्यापेक्षा पाटावर बसून आमटी-भात खाईन, असं त्यांचं म्हणणं.

पुढचा पावसाळाभर नाना त्या शेडमध्ये होते. नळ्या, वायसर, ग्रीसचे डबे, केरोसिनमध्ये भिजत पडलेले स्क्रू. माझ्या लग्नातल्या रुखवताची एक परात त्यात कायमची गेली. कार्ब्युरेटर साफ करायला सासूबाईंचा कुंचला गेला. मग एका सकाळी, मी तुळशीला पाणी घालत असताना, शेडमधून आधी खोकल्यासारखा आणि मग घसा साफ केल्यासारखा आवाज आला. नाना बाहेर आले, हाताला काळं, तोंडाला काळं. पत्नीला म्हणाले, चल. त्या म्हणाल्या, मी नाही. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तू जा. शेजारी बस त्यांच्या. एकटं सोडू नकोस."

मला वाटलं, नव्या सुनेचा आळस काढताहेत. खरं कारण पुढं कळलं.

काय दिवस होते ते. सकाळी उठून सगळं आवरायचं, भाजी चिरून ठेवायची आणि कान शेडकडे. नाना चोक ओढायचे, बुटकी थरथरायची, आणि आम्ही निघायचो. डोक्याला रुमाल घट्ट बांधला तरी केसांचं झाडू व्हायचं. ढुंगण रस्त्यापासून वीतभर वर. लॉरीचं चाक आपल्या कानाशी. रस्त्यावरच्या कुत्र्याशी नजरानजर व्हायची, ती बरोबरीच्या नात्यानं. महादेवपुऱ्याकडे तेव्हा नाचणीची शेतं आणि द्राक्षांचे मांडव होते. काळ्या द्राक्षांचा आंबूस वास यायचा आणि नाना गिअर बदलून म्हणायचे, आला माल. तिथं आता लेकीचा लिफ्टवाला मनोरा आहे. कुठल्या मांडवावर, ते मला सांगता येणार नाही. मी शोधून पाहिलंय.

लोक बोलायचे. सासरा आणि सून, टप उघडा, वाऱ्यावर पदर. कोपऱ्यावरच्या मावशींनी सासूबाईंना विचारलंसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, माझे पाय धरतात म्हणून तिला धाडते. त्यांचे पाय ठणठणीत होते.

आणि मला भीती वाटायची. आता सांगायला काय जातंय. नाना चालवायचे झकास, हात सैल, कान इंजिनाकडे. पण कधी कधी कडेनं सायकलवाला यायचा आणि नाना सरळच जायचे. कधी फुटपाथवरून एखादी बाई एक पाय खाली टाकायची आणि नानांचा वेग तसूभर कमी व्हायचा नाही. मग ती बाईच मागं सरायची. मला वाटायचं, हीच ऐट असेल, जुन्या माणसांची. सासऱ्यांना हळू कसं म्हणायचं? माझ्या जिभेला ते वळण नव्हतं. मी फक्त उजवा पाय खाली दाबायची. समोर ब्रेक नसायचा, फळी असायची. फळीवर टाच रोवून मी हेब्बाळचं तळं गाठायची, टाच रोवून परत यायची, आणि घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, कसं झालं, की छान म्हणायची.

त्यांनी ओळखलं असावं. कारण त्याच हिवाळ्यात त्यांनी मला मोटार शिकायच्या क्लासला घातलं. नवऱ्याला पत्ता नाही, नानांना पत्ता नाही. भाजीला जाते म्हणून निघायचं आणि क्लासच्या खिळखिळ्या गाडीत एका हवालदारासारख्या मास्तरांशेजारी बसायचं. ते कन्नडमधून ओरडायचे, मी मराठीतून घाबरायची. 'निधान, निधान,' म्हणजे सावकाश, एवढं कन्नड मी तिथं पक्कं शिकले. परवाना हातात आला तो सासूबाईंनी घेतला आणि देवघरात, अन्नपूर्णेच्या मागं ठेवला. असू दे, म्हणाल्या.

पहिल्या वर्षीची आयुधपूजा नीट झाली. मला गोंधळ आठवतो तो दुसऱ्या वर्षीचा.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, पण बंगळूरला त्या दिवशी जे होतं ते पाहायलाच हवं. रिक्षा, बस, लेथ, इस्त्री, शिवणयंत्र, सगळ्यांना हळदकुंकू. शेवंतीच्या माळांनी गल्ल्या पिवळ्या होतात. दोन्हीकडे केळीची रोपं बांधलेल्या सायकली शाळेतल्या मुलांसारख्या नटून उभ्या. चुरमुऱ्यांचा, कापराचा, फोडलेल्या कोहळ्याचा वास. गाडीच्या प्रत्येक चाकाखाली एक लिंबू. समोर कोहळा आपटून फोडायचा, आणि तो फुटला की तत्क्षणी गाडी पुढं घ्यायची, चारही लिंबं चिरडली पाहिजेत. दृष्ट उतरते. नाना या गोष्टी मानायचे नाहीत, पण अण्णांना दिलेला शब्द मानायचे.

अक्कांनी बुटकीला स्वतःच्या हातानं हळद लावली, दिव्यांना कुंकू लावलं, चाकाच्या तारांत फुलं खोचली. भावाच्या गाडीवर त्यांचा फार जीव होता. पुन्हा पुन्हा पदरानं काच पुसत होत्या. नाना चालकाच्या सीटवर, इंजिन चालू, क्लच दाबलेला. मी डावीकडे, मांडीवर चुरमुऱ्यांचा पुडा. अण्णा कोहळा डोक्यावर धरून उजवीकडे उभे. तेवढ्यात गल्लीच्या उतारावर माझ्या बाजूचं पुढचं लिंबू घरंगळलं. अक्का ते सरळ करायला चाकापाशी वाकल्या.

कोहळा फुटल्याचा आवाज झाला आणि नानांनी क्लच सोडला.

मला अक्कांची वाकलेली पाठ दिसत होती, पांढरे केस, मानेवरची गाठ. मला ओरडता आलं नाही. मी पाय दाबला. जिवाच्या आकांतानं दाबला, त्या फळीवर. मग मला कुठून सुचलं कोण जाणे, दोन सीटांच्या मध्ये हँडब्रेक होता, तो मी दोन्ही हातांनी वर ओढला. बुटकीनं गचका खाल्ला आणि बंद पडली.

अक्का लिंबू हातात घेऊन सरळ झाल्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं. "का हो, थांबली? स्वल्प थांबाच, लिंबू सरकलंतं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाकून त्यांनी ते चाकाखाली नीट दाबून ठेवलं. आजूबाजूला ढोल, घंटा, पोरांचा कालवा. कुणाच्याही लक्षात आलं नाही. आम्हा दोघांच्याच आलं.

नाना दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते. समोर बघत होते. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "मला त्या दिसल्या नाहीत."

मी हँडब्रेक अजून दोन्ही हातांनी धरून होते.

"बाजूचं दिसत नाही मला. वर्ष झालं. समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं." त्यांनी गिअर न्यूट्रलला आणला. "काचबिंदू आहे. गेलेलं परत येत नाही, जे आहे तेही राहणार नाही. तुझ्या सासूला माहीत आहे. मुलाला सांगायचं नाही."

मला राग आला. इतका राग मला त्या घरात कधी आला नव्हता. मला रोज शेजारी बसवून हा माणूस अर्धा आंधळा गाडी हाकत होता. पण आता हा माणूस घरी जाणार आणि वेताच्या खुर्चीत बसणार. फाटकापर्यंत जाणार आणि परत येणार, भिंत धरून. मला ते डोळ्यांपुढं दिसलं आणि सहन झालं नाही.

नाना उतरले. बॉनेटवर हात ठेवत, झेंडूच्या माळेवरून बोटं फिरवत, ते गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले. म्हणाले, "तिकडे सरक."

"नाना, मला—"

"येतं तुला. तुझ्या चपलेला महिनाभर क्लचच्या रबराचा वास होता."

अण्णांनी हसून विचारलं की काय, आज सूनबाई सारथी? नाना म्हणाले, दरवर्षी मीच काय म्हणून. ते खाली बसले, गुडघे समोर टेकले, लांब पाय फळीवर पसरले आणि डावा हात दाराबाहेर सोडला. चारही लिंबं मी चिरडली. लिंबाचा तो उग्र वास अजून कुठं आला तरी माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो.

सणाच्या गर्दीतून चिकपेट ते इंदिरानगर मी कशी आले, ते मला विचारू नका. दोनदा बंद पाडली. एका रिक्षावाल्यानं माझ्या सगळ्या पूर्वजांची आठवण काढली. सासूबाई फाटकात उभ्या होत्या. उजवीकडे कोण बसलंय ते त्यांनी पाहिलं, आत गेल्या, भाकरतुकडा आणि पाणी घेऊन बाहेर आल्या आणि ओवाळून टाकलं. आधी नानांवरून, मग माझ्यावरून. बुटकीवरूनही. मग देवघरातून परवाना आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, पर्समध्ये ठेवत जा, पोलीस विचारतात.

त्यानंतरचे ऋतू मला आधीच्यांपेक्षा स्पष्ट आठवतात, कारण ते मला मोठ्यानं बोलून दाखवावे लागले. नाना विचारायचे, काय दिसतंय? मी पहिल्यांदा म्हणाले, झाडं. ते वैतागले. कसली झाडं, किती उंच, फुलं आहेत का, रस्त्यावर सावली एकीकडे पडलीय की दोन्हीकडे, जरा नीट सांग, मोघम बोलू नकोस. मग मी शिकले. माघात पानं गळून गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं, त्यामागून जकरंडाचा निळा-जांभळा पसारा, मग गुलमोहर, आणि आंब्याच्या गाड्या. हेब्बाळच्या तळ्यावर पाणी किती उतरलं, पाणकोंबड्या किती, धोबी कुठल्या काठाला. धुकं असेल तर धुकं. नव्या रस्त्यासाठी कुठं झाडं पडली, तेही. ते मी एकदा लपवलं, पण नानांनी गाल वर करून सांगितलं, इथं ऊन लागतंय, इथं वडाची सावली होती. त्यानंतर मी काही लपवलं नाही.

एक वेळ अशी आली की त्यांना काहीच दिसेना. तरी रोज संध्याकाळी चार वाजले की काठी घेऊन शेडच्या दारात. चल. मुलाला आता सगळं कळलं होतं. तो म्हणाला, बाबा, त्या रहदारीत कशाला? नाना म्हणाले, रहदारी तिला दिसते, मला कुठं दिसते? मी भन्नाट चालवायला लागले होते. खोटं कशाला बोलू, मला वेगाची चटक लागली होती. विमानतळाच्या रस्त्याला ओव्हरटेक करायचा मोह मला आवरायचा नाही. दिवसभर कोंडून ठेवलेलं सगळं त्या एका तासात उधळायचं असायचं. आणि शेजारी नाना निवांत. डोक्यावर कानटोपी, हात दाराबाहेर वाऱ्यात, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखे तृप्त. घरात शंभरदा हळू म्हणणाऱ्या त्या माणसानं मला गाडीत एकदासुद्धा हळू म्हटलं नाही. मला त्याचा फार अभिमान होता. नवऱ्यालाही मी ऐकवायची, नानांचा आहे माझ्यावर विश्वास, तुझा नाही.

रात्री सासूबाई नानांच्या उजव्या पोटरीला तिळाचं तेल चोळत बसायच्या. बैठकच खाली आहे, पाय आखडतो, असं नाना सांगायचे. सासूबाई तेलाचा हात थांबवून म्हणायच्या, गाडी ती चालवते आणि पाय ह्यांचे दुखतात. आम्ही सगळे हसायचो.

मग ते दिवस गेले. नाना गेले. नवऱ्याची बदली झाली, घर दुसऱ्यांच्या हाती गेलं. बुटकी न्यायला माणसं आली त्या सकाळी सासूबाई पहिल्यांदा तिच्यात बसल्या, उभ्या गाडीत, डाव्या बाजूला. नऊ-दहा मिनिटं बसल्या असतील. उठताना मला हात द्यावा लागला. "बरी आहे की बसायला," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

हे सगळं मी त्या हॉटेलच्या अंगणात कॉफीचा पेला धरून उभी असताना डोक्यात चाललं होतं. गाडीचा आताचा मालक तिशीतला, पुण्याचा निघाला. मी मराठीत विचारलं तर खूशच झाला. ही पूर्वी आमची होती म्हटल्यावर त्यानं आणखी दोघांना हाका मारल्या. काकू, ॲक्च्युअली हिची हिस्ट्री आम्हाला कुणालाच माहीत नाही, प्लीज सांगा ना, असं म्हणत त्यानं माझ्यासाठी डावं दार उघडलं. मी बसले. गुडघे आता पूर्वीसारखे वाकत नाहीत, म्हणजे पडलेच म्हणा.

"सगळं नवं केलंय," तो सांगत होता. "फक्त फ्लोअरबोर्ड ओरिजिनल ठेवले. मेकॅनिक म्हणत होता, डाव्या साइडची फळी चेंज करा, तिला दोन डेंट आहेत. मी म्हटलं, राहू दे, जुन्या कुणाची तरी खूण असेल. पण डेंट कशाचे ते कळत नाही. एक इकडे, एक बराच पुढे. काहीतरी फिट केलेलं असणार, नाही?"

त्यानं पायाखालचा गालिचा उचलून दाखवला. जवळचा खळगा लहान होता, बाईच्या टाचेएवढा. तो मी लगेच ओळखला आणि मला हसू आलं. कशी घाबरायची मी. मग दुसऱ्याकडे बघितलं. वीतभर पुढं, माझा पाय पोचणार नाही इतक्या लांब, मोठा आणि माझ्या खळग्याच्या दुप्पट खोल. कडा गुळगुळीत झालेल्या. नानांच्या बुटाची टाच.

मी वाकून त्या कडांवरून बोट फिरवत राहिले. तो मुलगा जरा घाबरला. काकू, पाणी आणू का, म्हणाला. मी म्हटलं, पाणी नको, मला एक चक्कर मारून आण.

त्यानं चोक ओढला, बुटकी थरथरली. गालिचा परत टाकू नकोस, असं मी त्याला सांगितलं होतं. हंड्रेड फीट रोडला रविवारची मोकळीक होती आणि पोरगं रंगात आलं. बस डावीकडून अंगावर आली, एक स्कूटर आडवी गेली, वाऱ्यानं माझा अंबाडा सुटला. मी सीटवरून खाली घसरत गेले, होता नव्हता तेवढा पाय लांब केला, आणि टाच त्या पुढच्या खळग्यात कशीबशी टेकवली.

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. "काकू, फास्ट होतंय का? हळू घेऊ?"

"नको," मी म्हणाले. "जाऊ दे."